बांधकाम प्रोजेक्टचं प्लॅनिंग, शेड्युल आणि मॉनिटरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बिल्डिंगच्या साईटवर प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून काम करते. नवीन लागलेली मुलं-मुली, कधी कधी सुपरवायझर आणि एकदोन वेळा तर फ्लॅट घेतलेले लोकसुद्धा मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. उदाहरणं सगळी सात मजली रहिवासी बिल्डिंगची आहेत कारण मला तेच काम जवळून माहितीये, पण रस्ता असो, शाळेची इमारत असो की सॉफ्टवेअर, डोकं तसंच चालवायचं असतं.

प्लॅनिंग आणि शेड्युलिंग एकच ना?

नाही. प्लॅनिंग म्हणजे काय करायचं, कशा पद्धतीने करायचं, कुणाकडून करून घ्यायचं, आधी काय आणि नंतर काय. शेड्युलिंग म्हणजे त्या सगळ्याला तारखा लावणं. बरेच जण थेट तारखांपासून सुरुवात करतात, कॉम्प्युटर उघडला की पहिली ओळ खोदाई, १ तारखेपासून १५ तारखेपर्यंत. अरे पण माती टाकणार कुठे, डंपरला गेट पुरतं का, शेजारच्या सोसायटीची भिंत किती जवळ आहे, हे कुणी बघितलं? हे ठरल्याशिवाय १५ दिवस हा आकडा आला कुठून? आधी साईटवर एक चक्कर मारा, मग ड्रॉइंग घेऊन बसा, मग कामाचे तुकडे पाडा, आणि तारखा सगळ्यात शेवटी.

कामाचे तुकडे किती बारीक पाडायचे?

माझा नियम असा की एक तुकडा एका आठवड्याच्या आसपास संपला पाहिजे आणि त्याला एकच माणूस जबाबदार पाहिजे. "फिनिशिंग - ९० दिवस" अशी एक ओळ लिहिली तर ८० व्या दिवसापर्यंत कुणालाच कळणार नाही की आपण मागे आहोत. "तिसरा मजला, आतला गिलावा - ८ दिवस" असं लिहिलं तर नवव्या दिवशी कळतं. उलट फार बारीक केलं, म्हणजे प्रत्येक खोलीची प्रत्येक भिंत वेगळी, तर अपडेट करण्यातच दिवस जातो आणि दोन आठवड्यांत ते शेड्युल कुणी उघडत नाही.

स्लॅब सायकल किती दिवसांची धरू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. स्लॅब सायकल म्हणजे एक स्लॅब टाकल्यापासून पुढची टाकेपर्यंतचे दिवस. साध्या शटरिंगमध्ये (म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणारे साचे) आमचा हिशोब असा: कॉलमचं स्टील आणि शटरिंग ३ दिवस, कॉलम कास्टिंग १, बीम-स्लॅबचं शटरिंग ५, स्टील आणि इलेक्ट्रिकचे पाईप ३, चेकिंग आणि कास्टिंग १. झाले १३ कामाचे दिवस, आठवड्याची एक सुट्टी धरली की कॅलेंडरवर साधारण १५. तुमची स्लॅब मोठी असेल, गँग लहान असेल तर आकडा बदलेल, माझा आकडा कॉपी करू नका, तुमच्या मुकादमाला शेजारी बसवून काढा.

पण खरी मेख या १३ दिवसांत दिसतच नाही. स्लॅब टाकल्यावर टेके लगेच काढता येत नाहीत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये दिलंय की साध्या सिमेंटला आणि साधारण हवामानात ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्पॅनचे १४ दिवस ठेवायचे, बीमला ६ मीटरपर्यंत १४ आणि त्याच्या वर २१ दिवस. शिवाय वरच्या स्लॅबचं ओलं वजन खालच्या ताज्या स्लॅबवर येतं त्यामुळे खालचे टेकेही उभे पाहिजेत. म्हणजे दर १५ दिवसांनी स्लॅब टाकायची तर शटरिंगचं सामान एकाच मजल्यापुरतं असून चालणार नाही. एका साईटवर मी शेड्युल अगदी नीट बनवलं होतं, लिंक सगळ्या बरोबर, आणि तिसऱ्या स्लॅबला काम थांबलं, कारण जॅक आणि प्लेटा सगळ्या खालीच अडकलेल्या. कामगार बसून, सळई कापून तयार, आणि सामान नाही. तेव्हापासून मी शेड्युलच्या शेजारी सामानाचा एक वेगळा तक्ता ठेवते, कुठला सेट कुठल्या तारखेला कुठल्या मजल्यावर, आणि तो तक्ता शटरिंगच्या मुकादमाला दाखवल्याशिवाय साहेबांकडे जातच नाही.

क्रिटिकल पाथ म्हणजे नक्की काय?

सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकमेकांना बांधलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी. तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं की पूर्ण प्रोजेक्ट एक दिवस लांबतो. ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी बसवली, केमिकल प्लांटच्या कामांसाठी. तिथेही अडचण आपल्यासारखीच होती की काम लवकर संपवायचं म्हणून सगळ्याच कामांना ओव्हरटाईम लावला तर पैसा नुसता जातो, नेमकं कुठे लावायचा ते कळलं पाहिजे.

आमच्या बिल्डिंगमध्ये आरसीसी, म्हणजे काँक्रीटचा सांगाडा, संपेपर्यंत साखळी स्लॅबमधून जाते, तिथे कुणाचं भांडण नसतं. नंतर मात्र ती सरकते, आणि लोक तिथेच फसतात. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये ती खिडक्यांमधून गेली. विटकाम झालं, गिलावा झाला, मग खिडकीला ग्रॅनाइटची चौकट, चौकट बसल्यावर अ‍ॅल्युमिनियमवाल्याने माप घेतलं, मग ऑर्डर, मग सहा आठवडे वाट. खिडकी नाही म्हणून आतला शेवटचा हात रंगाचा नाही, रंग नाही म्हणून स्विच प्लेटा नाहीत, आणि ताबा द्यायचा होता दसऱ्याला. शेड्युलमध्ये "खिडक्या बसवणे - १० दिवस" एवढी एकच ओळ मी लिहिली होती, माप, ऑर्डर आणि फॅक्टरीतला वेळ लिहिलाच नव्हता. आता मी खिडक्या, लिफ्ट, फायरचे पंप, जनरेटर या सगळ्यांना चार-चार ओळी देते: ड्रॉइंग मंजुरी, ऑर्डर, फॅक्टरी, साईटवर पोचणं. आणि पहिल्या दोन मजल्यांच्या चौकटी आधी बसवून माप लवकर देऊन टाकते, बाकीच्यांसाठी थांबत नाही.

फ्लोट कुणाच्या मालकीचा?

जे काम क्रिटिकल पाथवर नाही त्याच्याकडे थोडी मोकळी जागा असते, तो फ्लोट. जिन्याच्या रेलिंगला १२ दिवस फ्लोट असेल तर ते १२ दिवस उशिरा चाललं तरी शेवटची तारीख हलत नाही. मालकी कुणाची यावर कॉन्ट्रॅक्टर आणि क्लायंट भांडतात, करारात लिहिलं असेल तर ते बघा, नसेल तर सही करायच्या आधी लिहून घ्या. मी रेलिंगवाल्याला फ्लोट सांगत नाही, त्याला लवकरची तारीखच सांगते, कारण ती मोकळी जागा एका माणसाने खाल्ली तर त्याच्या मागच्याला उरत नाही.

काम किती दिवसांत होईल हे माहितीच नसेल तर?

तीन आकडे विचारा. सगळं नीट झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. मधल्या आकड्याला चारने गुणा, बाकीचे दोन त्यात मिळवा, सहाने भागा. लिफ्टवाल्याने सांगितलं २०, ३० आणि ५८ दिवस, तर २० अधिक १२० अधिक ५८ म्हणजे १९८, भागिले ६, आले ३३. ही पर्टची पद्धत, १९५८ मध्ये अमेरिकन नेव्हीच्या पोलारिस मिसाईलच्या कामात आली. मला त्या ३३ पेक्षा ५८ जास्त उपयोगाचा वाटतो, कारण "५८ कशाने होईल?" असं विचारलं की माणूस मनातली भीती बोलून दाखवतो. लिफ्टवाला म्हणाला, शाफ्टला ओळंबा नसला की. आम्ही दुसऱ्या दिवशी शाफ्टमध्ये ओळंबा सोडून बघितला.

पावसाळा आणि सणवार कसे धरायचे?

कॅलेंडरमध्येच धरायचे, शेवटी "पावसासाठी १५ दिवस" असा गठ्ठा ठेवायचा नाही. पुण्याकडे खोदाई आणि फाउंडेशन जूनच्या आधी वर आलं नाही तर खड्ड्यात पाणी, पंप, गाळ, आणि कडेची माती ढासळायची भीती, म्हणून मी प्लिंथची, म्हणजे जोत्याची, तारीख मे अखेर धरूनच मागे मोजत येते. बाहेरचा गिलावा आणि बाहेरचा रंग जून ते सप्टेंबरमध्ये ठेवतच नाही, आतलं विटकाम आणि प्लंबिंग तेव्हा चालतं.

कामगारांचं गणित वेगळं. आमच्याकडे शटरिंग आणि सळईवाले बरेचसे बिहार, यूपी, बंगालचे, होळीला आणि दिवाळी-छठला गावी जातात ते दोन-तीन आठवड्यांनी येतात, ईदला वेगळी गँग जाते. मराठवाड्याकडची माणसं पेरणीच्या दिवसांत जातात. त्यांना घरी जायचंच आहे आणि जायलाच पाहिजे, वर्षातून एकदा लेकरांना भेटतात. दोन महिने आधी मुकादमाला विचारून घ्या, कोण कधी जाणार, परतीचं तिकीट काढलंय का, आणि त्या दिवसांत कमी माणसांत होणारी कामं ठेवा. ताबा पितृपक्षात ठेवू नका, लोक घ्यायलाच येत नाहीत.

एक्सेल चालेल की प्रिमावेरासारखं शेड्युलिंगचं सॉफ्टवेअरच पाहिजे?

शंभरेक कामं असतील तर एक्सेल पण चालतं, पण त्यात एक तारीख हलली की बाकीच्या हाताने हलवाव्या लागतात आणि तिथे चुका होतात. एमएस प्रोजेक्ट आमच्या साईजला पुरतं. मोठी सरकारी आणि मेट्रोसारखी कामं प्रिमावेरावर चालतात, करारातच तसं लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर शिकायला महिना लागतो, साईट शिकायला वर्षं लागतात, तेव्हा आधी कशाला वेळ द्यायचा ते बघा.

मॉनिटरिंग म्हणजे रोज काय करायचं?

रोज संध्याकाळी साडेपाचला मी सगळ्या मजल्यांवर फिरते. ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता आहे, उभे मजले, आडवे फ्लॅट, प्रत्येक चौकोनाचे चार भाग: विटकाम, गिलावा, वॉटरप्रूफिंग, टाईल्स. स्वतः डोळ्याने बघितलं की मगच चौकोन रंगवायचा. सुपरवायझर सांगतो म्हणून रंगवायचा नाही. तो तक्ता इतका साधा आहे की मिस्त्री पण चहा पिताना त्याच्याकडे बघून सांगतात, "मॅडम, ४०२ राहिलाय, तिथे प्लंबरने झिरी मारलीये."

आठवड्यातून एकदा पुढच्या तीन आठवड्यांचं शेड्युल काढायचं आणि प्रत्येक कामासमोर लिहायचं की ते सुरू व्हायला काय अडतंय. ड्रॉइंग, सामान, माणसं, आधीचं काम, कुणाची तरी परवानगी. ही अडचणींची यादी मला बार चार्टपेक्षा (तारखांच्या पट्ट्यांचा तक्ता) प्यारी आहे. बार चार्टमुळे मागे पडलोय हे झाल्यावर कळतं, या यादीमुळे तीन आठवडे आधी कळतं.

"नव्वद टक्के झालंय" यावर विश्वास ठेवायचा का?

टक्के विचारूच नका. विचारा, किती राहिलं आणि किती दिवस लागतील. एकदा पाचव्या मजल्याचा गिलावा पाच आठवडे नव्वद टक्क्यांवर होता. मी वर जाऊन बघितलं तर मोठ्या भिंती कधीच झालेल्या, राहिलेलं काय तर डक्टच्या आतल्या बाजू, खिडक्यांच्या कडा, बाथरूमच्या झिऱ्या बुजवणं आणि लिफ्टच्या दाराभोवतीचे जांब. हे सगळं किचकट, माप कमी आणि वेळ जास्त, ठेकेदाराला चौरस मीटरवर पैसे मिळतात त्यामुळे तो मोठी भिंत आधी मारतो, त्याला तरी कसं चुकीचं म्हणायचं. त्यानंतर आम्ही दर बदलले, कडा आणि झिऱ्यांचा रनिंग मीटरवर वेगळा दर दिला, आणि फ्लॅट पूर्ण झाल्याशिवाय चौकोन रंगवायचा नाही असं ठरवलं. अर्धवट फ्लॅट म्हणजे शून्य.

अर्न्ड व्हॅल्यू सोप्या भाषेत सांगा ना.

सांगते. आतला गिलावा ६,००० चौरस मीटर, दर ३०० रुपये, म्हणजे १८ लाख, आणि वेळ ६० दिवस. तीसाव्या दिवशी ठरल्याप्रमाणे ३,००० मीटर व्हायला पाहिजे होता, त्याची किंमत ९ लाख. प्रत्यक्षात झाला २,४०० मीटर, त्याची किंमत ७.२ लाख, हीच अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे तुम्ही खरं कमावलेलं काम. आणि खर्च झाला ८ लाख.

आता ७.२ भागिले ९ म्हणजे ०.८, वेळेत मागे. ७.२ भागिले ८ म्हणजे ०.९, पैशातही मागे. असंच चाललं तर १८ लाखांचं काम २० लाखांना जाईल आणि रोज ८० मीटरच्या वेगाने उरलेल्या ३,६०० मीटरला अजून ४५ दिवस, म्हणजे ६० च्या जागी ७५. नुसता खर्च बघणारा माणूस म्हणाला असता, ९ लाख ठरले होते, ८ च गेले, वा, एक लाख वाचले. म्हणून हे शिकायचं.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. वेळेचा हा आकडा काम संपलं की कसाही १ होतो, दोन महिने उशिरा संपलं तरी. आणि सोपी, महागडी, क्रिटिकल नसलेली कामं आधी उरकली तरी तो छान दिसतो, तेव्हा त्याच्या शेजारी क्रिटिकल पाथ ठेवूनच वाचा.

उशीर भरून काढायला माणसं वाढवली की झालं ना?

कुठे काम आहे त्यावर आहे. गिलाव्याला चार मजले मोकळे असतील तर दुसरी गँग लावा, वेग दुप्पट नाही पण बराच वाढतो. एकाच स्लॅबवर सळईवाले दुप्पट केले तर ते एकमेकांच्या पायात येतात, आणि काँक्रीटला तर माणसं वाढवून घाई होतच नाही, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅशवाल्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारलंच पाहिजे. क्युरिंगचे दिवस कापून तारीख गाठायला सांगणारा कुणी असेल तर त्याला लेखी मागा, मी मागते. दुसरा मार्ग म्हणजे एकामागून एक होणारी कामं थोडी एकावर एक आणणं, वर स्लॅब चालू असताना खाली विटकाम. त्यात टेके काढण्याच्या तारखा आणि वरून काही पडू नये म्हणून जाळी, या दोन गोष्टी आधी बघायच्या.

मोठ्या प्रोजेक्टला हे सगळं खरंच लागू पडतं का?

कोकण रेल्वे बघा. १९९० ला काम सुरू, रोहा ते मंगळूर सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल. तेव्हाचे कोकण रेल्वेचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी पूर्ण मार्गाचे सात विभाग पाडले आणि प्रत्येक ठिकाणच्या चीफ इंजिनिअरला तिथल्या तिथे निर्णय घ्यायचे अधिकार दिले. किती दिवस राहिले हे दाखवणारी उलटी घड्याळं त्यांनी लावली. तरीही ठरलेल्या पाच वर्षांत झालं नाही, कारण पेडण्यासारख्या गोव्यातल्या बोगद्यांत मऊ माती निघाली, खणलं की पुन्हा ढासळायची. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की मधले तुकडे जसे तयार झाले तसे आधीच चालू केले, सगळ्यांनी पेडण्यासाठी वाट बघितली नाही. रोहा-वीर तर १९९३ लाच सुरू झालं होतं.

बेसलाईन बदलायची कधी?

बेसलाईन म्हणजे सुरुवातीला ठरलेलं मूळ शेड्युल, ती बदलायची काम वाढलं किंवा क्लायंटने डिझाईन बदललं आणि लेखी मंजुरी आली तरच. आपण मागे पडलो म्हणून बेसलाईन हलवली तर दर महिन्याला सगळं वेळेवर दिसेल आणि बिल्डिंग मात्र उभी राहणार नाही. जुनी बेसलाईन तशीच ठेवा, तिच्याखाली आजची खरी रेघ काढा. ड्रॉइंग उशिरा मिळालं, पाणी नव्हतं, रस्ता बंद होता, हे त्याच दिवशी हिंड्रन्स रजिस्टरमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या वहीत, लिहून समोरच्याची सही घ्या. सहा महिन्यांनी मुदतवाढ मागताना आठवणीवर काही मिळत नाही.

फ्लॅट बुक केलाय, मला हे कुठे बघता येईल?

महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाईटवर तुमच्या प्रोजेक्टचा नंबर टाका. बिल्डरने जाहीर केलेली पूर्ण होण्याची तारीख तिथे असते आणि दर तिमाहीला कामाची प्रगती टाकणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ताबा करारातल्या तारखेला मिळाला नाही तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याज मागता येतं किंवा पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. आणि सेल्समनला "कधी मिळेल" विचारण्यापेक्षा साईटवर जाऊन विचारा, लिफ्टची ऑर्डर दिली का? खिडक्यांचं माप झालं का?

उशीर होणार हे वर कधी सांगायचं?

तुम्हाला कळलं त्याच दिवशी. नवीन मुलं घाबरतात, मला ते समजतं, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. पण आज सांगितलेला दहा दिवसांचा उशीर निस्तरता येतो, गँग हलवता येते, गिऱ्हाईकाला घरभाड्याचा करार एक महिना वाढवायला सांगता येतो. तोच उशीर शेवटच्या आठवड्यात कळला तर कुणाच्याच हातात काही नसतं, आणि भाड्याचं घर सोडून सामान बांधून बसलेलं कुटुंब गेटवर येतं. मी ते बघितलंय, टेम्पो उभा होता, आणि त्यांच्या आजी ऑफिसातल्या खुर्चीवर देवघर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सांगताना नुसता उशीर सांगू नका, कशामुळे, किती दिवस, आणि कुठले दोन मार्ग आहेत ते घेऊन जा.

नवीन साईटवर पहिल्या आठवड्यात काय करू?

कॉम्प्युटर उघडू नका. मुकादम, स्टोअरकीपर आणि सिक्युरिटीवाला या तिघांशी ओळख करा, त्यांना सगळं माहिती असतं. जुने डेली रिपोर्ट वाचा आणि त्यातल्या कामगारांच्या संख्येची गेटच्या रजिस्टरशी तुलना करा. सगळ्या मजल्यांवर वहीत हाताने नोंदी करत फिरा. शनिवारी भिंतीवरचा तक्ता आखायला घ्या, आणि पहिला चौकोन शटरिंगच्या मुकादमाच्या हातात खडू देऊन त्यालाच रंगवायला सांगा.